पाय वाचवायचा की काढायचा, हे कसं ठरतं?

अपघात विभागाबाहेर उभा असलेला प्रत्येक नातेवाईक एकच प्रश्न विचारतो, "डॉक्टर, पाय वाचेल ना?" मीही तोच विचारला होता. माझा धाकटा भाऊ, वय सत्तावीस, दुधाचा टेम्पो चालवायचा. पहाटे दुचाकीवरून कामावर जाताना ट्रकने उडवलं आणि डाव्या पायाची नडगी फुटून हाड बाहेर आलं. पहिल्या दवाखान्यातून त्याला दुसरीकडे हलवलं, तिथल्या प्लास्टिक सर्जनबाईंनी माझ्या प्रश्नाचं उत्तर न देता मलाच विचारलं, "तो तंबाखू खातो का? काम उभ्याचं आहे की बैठं? वर्षभर त्याच्याजवळ घरचं कोण थांबू शकेल?" मला त्या वेळी फार राग आला. रक्तबंबाळ पाय समोर आहे आणि या तंबाखूचं काय विचारतात? पुढच्या चौदा महिन्यांत कळत गेलं, की निर्णय खरोखर याच प्रश्नांवर उभा असतो.

मी डॉक्टर नाही. पण त्या चौदा महिन्यांत डॉक्टरांना, सिस्टरना, फिजिओथेरपिस्टना प्रश्न विचारून विचारून जे समजून घेतलं, ते इथे लिहिते आहे. आपल्याकडे दुचाकीच्या अपघातात पाय चिरडणं नवं नाही, आणि या विषयावर मराठीत सांगणारं कुणी त्या रात्री मला भेटलं नव्हतं.

नडगीच का?

आत्ता बसल्या जागी गुडघ्याखाली पुढच्या बाजूने बोट फिरवून पाहा. कातडी आणि लगेच हाड. मध्ये मांस नाही. मागे पोटरी आहे, पण पुढे, आतल्या बाजूला नुसती कातडी. म्हणून नडगीचं हाड मोडलं की ते सहज कातडी फाडून बाहेर येतं. उघडं पडलेलं हाड वाळतं. त्याच्यावरचं पातळ आवरण सोलून गेलं असेल तर त्याला वरून रक्त मिळत नाही, आणि ज्याला रक्त नाही ते मरतं, सडतं.

अशा उघड्या फ्रॅक्चरचे प्रकार ओळखायला सगळीकडे १९७६ साली गुस्टिलो आणि अँडरसन यांनी मांडलेली पद्धत वापरतात. फाइलवर "थ्री बी" लिहिलेलं दिसलं तर त्याचा अर्थ, हाड उघडं आहे आणि जवळची कातडी ओढून ते झाकता येणार नाही. "थ्री सी" म्हणजे मुख्य रक्तवाहिनीसुद्धा तुटली आहे आणि ती जोडल्याशिवाय पाय जगणार नाही. माझा भाऊ थ्री बी होता.

इथे घड्याळ महत्त्वाचं. रक्तपुरवठा पूर्ण बंद झालेला स्नायू नेहमीच्या तापमानाला साधारण सहा तास तग धरतो. त्यानंतर रक्तवाहिनी जोडून दिली तरी मेलेल्या स्नायूतलं विष रक्तात उतरतं आणि किडनीवर, हृदयावर येतं. म्हणून काही वेळा पाय काढणं हाच जीव वाचवण्याचा मार्ग असतो. डोकं, छाती, पोट यांना मार असेल तर आधी तो पाहतात, पाय नंतर. नातेवाइकांना वाटतं पायाकडे दुर्लक्ष होतंय. तसं नसतं.

"नस तुटली" म्हणजे नेमकं काय तुटलं?

आपल्या बोलण्यात नस हा शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींना चालतो. रक्त वाहून नेणारी नळी तीही नस, आणि मेंदूकडून निरोप आणणारा-नेणारा मज्जातंतू तीही नस. डॉक्टर म्हणाले "नस गेली आहे", की लगेच विचारा, रक्ताची की संवेदनेची? दोन्हींचे परिणाम निराळे. रक्तवाहिनी काही तासांत जोडावी लागते. मज्जातंतू जोडला तरी तो दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो, त्यामुळे तळपायापर्यंत जाणीव यायला महिनोन्‌महिने लागतात.

पूर्वी तळपायाला स्पर्श कळत नसेल तर पाय काढा, असा जवळजवळ नियम होता. अमेरिकेतल्या आठ मोठ्या अपघात केंद्रांत 'लीप' नावाचा अभ्यास झाला, त्यात या नियमाला धक्का बसला. सुरुवातीला तळपाय बधिर असलेल्या, पण पाय वाचवलेल्या रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांना दोन वर्षांनी संवेदना परत आली होती. मज्जातंतू पुष्कळदा तुटलेला नसतो, नुसता ताणलेला किंवा दबलेला असतो. पहिल्या रात्री पाय बधिर आहे एवढ्यावरून कुणी निर्णय घेत असेल तर दुसरं मत जरूर घ्या.

मग निर्णय कशावर घेतात? त्यासाठी गुणपत्रिका आहेत. आपल्याला जवळची वाटावी अशी पद्धत कोईमतूरच्या गंगा हॉस्पिटलने तयार केली, डॉ. राजशेखरन आणि डॉ. राजा सबापती यांच्या चमूने, आणि ती २००६ साली प्रसिद्ध झाली. आपल्या रस्त्यांवरच्या जखमा पाहून बनवलेली म्हणून मला तिचं मोल अधिक वाटतं. कातडी, हाड, आणि स्नायू-शिरा-मज्जातंतू, अशा तीन थरांना प्रत्येकी १ ते ५ गुण. शिवाय वय जास्त, मधुमेह, शेणमातीने माखलेली जखम, खूप उतरलेला रक्तदाब, अशा प्रत्येक अडचणीला २ गुण. बेरीज १४ किंवा कमी आली तर पाय वाचवायचा प्रयत्न करतात, १७ किंवा जास्त आली तर बहुधा काढावा लागतो. मधले १५-१६ म्हणजे तळ्यात-मळ्यात. तिथे अनुभवी सर्जन, रुग्ण आणि घरचे मिळून ठरवतात. भावाची बेरीज १३ होती. सर्जनबाईंनी ती कागदावर लिहून दाखवली, आणि त्या रात्री पहिल्यांदा मला कुणीतरी माणसासारखं समजावून सांगतंय असं वाटलं.

आधी कापणं, मग जोडणं

पहिल्या दवाखान्यात भावाची जखम ओढूनताणून टाके घालून बंद केली होती. दिसायला छान. तिसऱ्या दिवशी पट्टीला वास यायला लागला, १०३ ताप. घाण जखम घट्ट शिवून बंद करणं म्हणजे आतल्या जंतूंना घर बांधून देणं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. दुसरीकडे नेल्यावर पहिलं काम झालं ते डिब्राइडमेंट, म्हणजे मेलेलं सगळं कापून काढणं. जिवंत स्नायू लालसर असतो, चिमट्याने दाबला की आक्रसतो, कापला की रक्त येतं. मेलेला फिक्कट किंवा काळपट, लिबलिबीत. तो ठेवून चालत नाही. भावाच्या बाबतीत हे तीनदा करावं लागलं आणि शेवटी नडगीचं सहा सेंटिमीटर हाडही गेलं. मी सर्जनबाईंना म्हटलं, "वाचवायला आलोय आणि तुम्ही काढतच चाललाय." त्या म्हणाल्या, "आत्ता हात आखडता घेतला तर पुढे सगळा पाय काढावा लागेल."

दरम्यान हाड हलू नये म्हणून बाहेरून सळ्या लावतात, त्याला फिक्सेटर म्हणतात. जखमेवर व्हॅक मशीन लावून घाण पाणी ओढून घेतात. आणि मग येतो प्लास्टिक सर्जरीचा भाग. प्लास्टिक सर्जरी म्हटलं की आपल्याला नाक-डोळे सुंदर करणं आठवतं, पण तिचं मूळ काम फाटलेलं, गमावलेलं शरीर पुन्हा घडवणं हेच.

कातडी लावणं आणि फ्लॅप लावणं यातला फरक समजला की निम्मा विषय समजला. मांडीवरून सोललेली पातळ कातडी, जिला ग्राफ्ट म्हणतात, ती स्वतःचं रक्त आणत नाही. ती खालच्या जमिनीवर जगते. खाली मांस असेल तर रुजते, नुसतं हाड असेल तर वाळून जाते. फ्लॅप म्हणजे कातडी, चरबी, प्रसंगी स्नायू, असा अख्खा तुकडा त्याच्या रक्तवाहिनीसकट. रोपाचं उदाहरण घ्या: ग्राफ्ट म्हणजे खोचलेली फांदी, फ्लॅप म्हणजे मुळं आणि मातीसह काढलेलं रोप.

ही कल्पना आपल्या मातीत जुनी आहे. १७९२ च्या लढाईत इंग्रजांच्या फौजेसाठी बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठी गडी टिपूच्या ताब्यात सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभराने पुण्याजवळच्या एका विटा बनवणाऱ्या कारागिराने कपाळाची कातडी, एका बाजूने जोडलेली ठेवून, खाली वळवली आणि त्याचं नाक बनवलं. १७९४ मध्ये लंडनच्या एका मासिकात त्याचं चित्रासह वर्णन छापून आलं आणि युरोपातल्या सर्जनांनी त्यावरून ही रीत उचलली. कपाळाची ती कातडी म्हणजे फ्लॅपच. नाक शेजारच्या कातडीतून करता आलं. कावसजीच्या हाताचं मात्र कुणालाच काही करता आलं नाही.

पायातही शेजारची सोय पाहतात. गुडघ्याजवळची जखम असेल तर पोटरीचा स्नायू पुढे वळवून झाकतात. नडगीच्या मध्यावर असेल तर त्याच्या आतला दुसरा स्नायू कामी येतो. घोट्याजवळच्या तिसऱ्या भागात मात्र वळवायला मांसच नसतं. तिथे बहुतेकदा लांबून, मांडी किंवा पाठीवरून, तुकडा पूर्ण सुटा करून आणतात आणि पायातल्या रक्तवाहिन्यांना जोडतात. हा फ्री फ्लॅप. जोडायची नळी दोन-तीन मिलिमीटरची, दोरा केसाहून बारीक, आणि सगळं काम मायक्रोस्कोपखाली. १९७३ च्या सुमारास हे पहिल्यांदा यशस्वी झालं. पुढे स्लोव्हेनियाच्या मार्को गोदिना यांनी १९८६ साली दाखवून दिलं, की अपघातानंतर ७२ तासांच्या आत असा फ्लॅप लावला तर तो जगण्याचं आणि जंतू न होण्याचं प्रमाण खूप चांगलं असतं. म्हणून माझं कळकळीचं सांगणं: नडगीचं हाड उघडं दिसत असेल तर पहिल्याच दिवशी विचारा, "इथे प्लास्टिक सर्जन आहेत का? नसतील तर कुठे पाठवाल?" आमचे ते दिवस टाके घातलेल्या जखमेखाली गेले. भावाचा फ्लॅप अकराव्या दिवशी झाला.

त्या रात्रीचं सांगते. ऑपरेशन सात तास चाललं. मांडीचा तळहाताएवढा तुकडा नडगीवर बसला होता, मधोमध फुगीर, कडेने टाके. खोलीतला एसी बंद, पायावर उबेसाठी दिवा. सिस्टर दर तासाला येऊन फ्लॅपवर बोट दाबायच्या. दाबलं की पांढरं, सोडलं की दोनेक सेकंदांत गुलाबी. फ्लॅप पांढराफटक पडला तर रक्त येत नाहीये, जांभळा झाला तर आलेलं रक्त परत जात नाहीये. रात्री दोनला कडा जांभळट दिसू लागल्या. सिस्टरनी एका मिनिटात फोन लावला, तीनला भाऊ पुन्हा थिएटरमध्ये. शिरेत गुठळी झाली होती, ती काढून पुन्हा जोडली. सकाळी फ्लॅप गुलाबी होता. चांगल्या केंद्रांत शंभरातले नव्वदहून जास्त फ्लॅप जगतात, त्यामागे अशा जागणाऱ्या सिस्टर असतात.

आणि तंबाखूचा प्रश्न इथे येतो. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आक्रसतात. बिडी, गुटखा, आपल्या आयाबायांची मिश्री, सगळं त्यातच. भेटायला आलेल्या मित्राने "एक पुडी, काय होतंय" म्हणत दिलेल्या गुटख्याने दोन मिलिमीटरची ती नळी बंद होऊ शकते.

पाकाची तार

सहा सेंटिमीटरची हाडाची पोकळी कशी भरायची? थोडकं अंतर असेल तर कमरेच्या हाडाचा कीस भरतात. मोठ्या अंतराला दोन मुख्य वाटा आहेत. एकीत अँटिबायोटिक मिसळलेलं सिमेंट सहा-आठ आठवडे ठेवतात, त्याच्याभोवती शरीर एक जिवंत पडदा तयार करतं, मग सिमेंट काढून त्या पिशवीत हाडाचा कीस भरतात. फ्रान्सच्या मास्केले यांची ही रीत. दुसरी वाट आमच्या वाट्याला आली, इलिझारोव्हची रिंग.

गावरिल इलिझारोव्ह हे सायबेरियातल्या कुर्गान गावचे डॉक्टर. महायुद्धानंतर तुटक्या हाडांचे सैनिक त्यांच्याकडे यायचे. त्यांनी पायाभोवती लोखंडी कडी बसवली आणि सायकलच्या आऱ्यांसारख्या ताणलेल्या तारा हाडातून आरपार घातल्या. १९५० च्या दशकातलं हे काम पश्चिमेकडे फार उशिरा पोचलं. कार्लो माउरी नावाच्या इटालियन गिर्यारोहकाचा वर्षानुवर्षं न बरा होणारा पाय कुर्गानला बरा झाला, आणि १९८१ साली इलिझारोव्हना इटलीत व्याख्यानाला बोलावलं गेलं, तेव्हा जगाला कळलं.

त्यांना सापडलेली गोष्ट अशी. हाड एका निरोगी जागी अलगद कापलं आणि दोन टोकं हळूहळू दूर नेली, तर मधल्या फटीत नवं हाड तयार होतं. वेग दिवसाला एक मिलिमीटर, तोही चार वेळा पाव-पाव करून. घरी लाडवाचा पाक करताना दोन बोटांत धरून तार पाहतो ना, तसंच. बोटं झटकन ओढली तर तार तुटते, फार वेळ धरून बसलात तर पाक तिथेच घट्ट होतो. हाडाचंही तेच. घाई केली तर फटीत हाड धरत नाही, आळस केला तर ते वेळेआधी जुळून बसतं.

भावाच्या नडगीचा वरचा भाग कापून एक तुकडा रोज एक मिलिमीटर खाली सरकवायचा होता. रिंगच्या दांड्यांना आटे असतात, नट एक पूर्ण फिरला की एक मिलिमीटर. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, रात्री बारा, दर वेळी दहा नंबरच्या पान्याने पाव फेरा. आईला ते पाहवायचं नाही, म्हणून मी करायचे. भिंतीवरच्या कालनिर्णयवर रोज चार रेघा. साठ दिवस. त्यानंतर नवं हाड पक्कं होईपर्यंत रिंग तशीच, एकूण दहा महिने. एका सेंटिमीटरला साधारण महिना-दीड महिना असा हिशेब सांगतात. तारांच्या तोंडाशी पाणी येतं, लाल होतं, रोज साफ करावं लागतं. रात्री दुखतं. तो खूप चिडचिडा झाला होता. एकदा म्हणाला, "ताई, काढून टाका म्हणावं पाय. शेजारचे काका बघ."

शेजारचे काका

शेजारच्या खाटेवर साखर कारखान्याच्या रस्त्यावर उसाची ट्रॉली पायावरून गेलेले एक शेतकरी होते. गुण १८. घोट्यापासून वर सगळा चुरा. त्यांचा पाय चौथ्या दिवशी गुडघ्याखालून काढला. मी आत जाऊन रडले होते. चार महिन्यांनी तपासणीला आले तेव्हा कृत्रिम पायावर, हातात काठीही न घेता. माझा भाऊ त्या वेळी वॉकरवर, पायात लोखंडी पिंजरा.

पाय काढणं हीसुद्धा घडवण्याचीच शस्त्रक्रिया असते, हे मला काकांमुळे कळलं. गुडघ्याखाली नडगीची बारा-पंधरा सेंटिमीटर लांबी राखायची, हाडाची धार गोल करायची, मागच्या पोटरीचं मांस पुढे आणून टोकाला गादी करायची, मज्जातंतू ओढून वर कापायचा म्हणजे त्याची गाठ वजनाखाली येत नाही. गुडघा राखण्यासाठी तर सर्जन जंग जंग पछाडतात. गुडघ्याखालून पाय गेलेल्याला चालायला साधारण पाव हिस्सा जास्त शक्ती लागते, गुडघ्यावरून गेलेल्याला जवळजवळ दोन-तृतीयांश जास्त. काही वेळा काढलेल्या पायाच्याच तळव्याची जाड कातडी फ्लॅप म्हणून वर आणून गुडघा वाचवतात.

'लीप' अभ्यासात असे गंभीर जखमी ५६९ रुग्ण होते. दोन वर्षांनी पाहिलं तर पाय वाचवलेल्यांची आणि पाय काढलेल्यांची एकंदर स्थिती सारखीच निघाली. कामावर परतलेले दोन्हीकडे निम्म्याच्या आसपास. पुन्हा दवाखान्यात भरती व्हावं लागलेले मात्र वाचवलेल्या गटात जास्त, ४७.६ टक्के, काढलेल्यांत ३३.९. आणि कोण किती सावरला हे ऑपरेशनच्या प्रकारापेक्षा गरिबी, शिक्षण, तंबाखू, पाठीशी उभी असलेली माणसं आणि स्वतःवरचा भरवसा यांवर जास्त ठरत होतं. सर्जनबाईंनी "वर्षभर कोण थांबेल" हे का विचारलं, ते मला हे आकडे वाचून उमगलं.

काकांचं सगळं सोपं गेलं असं नाही. नसलेल्या पायाच्या अंगठ्याला रात्री खाज सुटायची, कळ यायची. याला भास म्हणून हसू नका. मेंदूत त्या पायाची जागा अजून असते. काहींना आरशासमोर दुसरा पाय हलवून पाहण्याच्या व्यायामाने उतार पडतो, काहींना औषधं लागतात. काही सर्जन कापलेल्या मज्जातंतूचं टोक जवळच्या स्नायूकडे जाणाऱ्या छोट्या मज्जातंतूला जोडून देतात, म्हणजे त्याला पुन्हा काम मिळतं आणि दुखणं कमी होतं.

कृत्रिम पायाच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत. जयपूरचे कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६८ मध्ये बनवलेला जयपूर फूट चिखलात चालतो, अनवाणी चालतो, उकिडवं बसू देतो. पुण्याचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून आहे, मूळचं सैनिकांसाठीचं, पण साध्या नागरिकांनाही पाय मिळतो. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. पाय वाचवायचा असो वा काढायचा, दवाखान्यात महात्मा फुले योजनेचे आरोग्यमित्र बसत असतील तर कागद पहिल्या दिवशीच द्या. नंतर धावपळ होते.

मधुमेहाने काळा पडलेला पाय आणि हाडाचा कॅन्सर, या दोन अपघाताहून वेगळ्या गोष्टी. मधुमेहात आधी रक्तपुरवठा तपासून, बंद रक्तवाहिनी उघडता येते का हे पाहिल्याशिवाय पाय काढायला होकार देऊ नका. पण जंतू वर चढत असतील, माणूस बडबडायला लागला असेल, तर वाट पाहू नका. कॅन्सरमध्ये आता केमोथेरपी आणि आतून बसवलेल्या धातूच्या सांध्यामुळे बहुतेकांचा पाय राखता येतो.

भावाची रिंग निघून आता दोन वर्षं होतील. पाय एक सेंटिमीटर आखूड आहे, घोटा पुरता वाकत नाही, मांडी घालून पंगतीला बसता येत नाही. टेम्पो चालवतो. नडगीवरच्या मांसाला अजून मांडीचेच दाट केस येतात, आणि दिवाळीत त्याचं वजन वाढलं की तो तुकडाही थोडा फुगतो, कारण चरबी मांडीची आहे. काकांचा गेल्या महिन्यात फोन आला होता. उसाच्या सरीत उभं राहून राहून पहिल्या पायाचं रबर झिजलं, दुसरा घ्यायला पुण्याला येतोय, मुक्कामाला तुमच्याकडे येऊ का, विचारत होते.